भट्टीपासून अठरा पावलं

आमच्या जर्मन आजी घरातल्या घरात गावभर हिंडायच्या. म्हणजे जिना चढायला लागल्या की म्हणायच्या, "मी चर्चला जाऊन येते." आंघोळीला निघाल्या की तळ्यावर चालल्या. स्वयंपाकघर म्हणजे गावाची भट्टी, पुढच्या खोलीत खिडकीजवळची जुनी आरामखुर्ची म्हणजे लिंडनचं झाड आणि परसातली लाकडी शेड म्हणजे पाणचक्की. रीडिंग स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या भिंतींना भिंती लागलेलं ते चिंचोळं घर. त्यात त्यांनी एक अख्खं जर्मन खेडं बसवलं होतं. मी खोली बघायला गेलो तेव्हा मला म्हणाल्या, "तुझी खोली चर्चमध्ये. तळ्याचं पाणी गरम यायला पाच मिनिटं लागतात. आणि भट्टी सकाळी सहाला पेटते, वासाची तक्रार करायची नाही." मला वाटलं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण खोलीची खिडकी मोठी होती आणि ऑफिसची बस कोपऱ्यावरून सुटत होती. मी मान डोलावली.

हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. तेव्हा रीडिंगमध्ये पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटरवाल्यांची नुसती रीघ लागलेली होती. माझ्या शेजारच्या खोलीत नागपूरचा देशपांडे होता. 'आजी' हे नाव त्याचंच. बाईंना ते इतकं आवडलं की पोस्टमनलासुद्धा त्या 'मला आजी म्हण' म्हणून सांगत. वय सत्तरीच्या आतबाहेर, अंगानं काटक, केस एकदम आखूड कापलेले. विशीत असताना त्या इंग्लंडला आल्या, एका रेल्वेतल्या माणसाशी लग्न केलं, आयुष्यभर दुकानातल्या कपड्यांना टाचण-शिवण करून दिली. मूलबाळ नाही, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. गाव सोडल्यापासून त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. का, ते विचारलं की म्हणायच्या, "इथे आहे की सगळं."

गावाचा इतिहास त्या भाजी चिरता चिरता सांगायच्या, जणू कालच चावडीवर घडलाय. चर्चचा मनोरा डावीकडे कललेला का, तर बांधणारा सुतार दुपारनंतर कधीच शुद्धीत नसे. लिंडनच्या झाडाखाली पूर्वी पंच बसत, न्यायनिवाडा करत. गाव तीनदा जळलं म्हणून तळं खणलं. भट्टी सगळ्या गावाची मिळून एक. प्रत्येक घराला वार ठरवून दिलेला, बायका कणीक मळून घेऊन यायच्या. भट्टी सांभाळायचं काम आजींच्या वडिलांकडे, आणि त्यांचं घर भट्टीला लागूनच. गावाच्या वेशीवर एक ठेंगणा दगडी क्रूस होता. रीडिंगच्या घरात दारामागचा छत्र्यांचा स्टँड म्हणजे तो क्रूस. कित्येक शतकांपूर्वी एका धनगरानं दुसऱ्या धनगराला तिथे मारलं. त्या मुलखातली जुनी रीत अशी की ज्यानं मारलं त्यानं आपल्या हातानं दगड घडवायचा, आपणच वाहून आणायचा आणि उभा करायचा. "त्याला कुणी हात लावायचा नाही," आजी सुरी रोखून सांगायच्या. "बायकोनंसुद्धा नाही. दगड एकट्यानं उचलायचा."

इतक्या सगळ्याला नाव होतं, फक्त एका जागेला नव्हतं. परसात, शेडच्या पलीकडे, कुंपणाच्या अलीकडे चटईएवढा एक कोपरा होता. तिथे आजी स्वतः गवत कापायच्या, तेही गुडघ्यावर बसून कात्रीनं. बाकी कुणी तिकडे जायचं नाही. मी आल्या आल्या एकदा तिथे कपडे वाळत घालायचं स्टँड नेऊन ठेवलं, ऊन चांगलं येतं म्हणून. आजी बाहेर आल्या, स्टँड उचललं आणि दुसरीकडे आणून ठेवलं. "गावात ही कुठली जागा?" मी आपलं हसत विचारलं. त्या म्हणाल्या, "गावात ही जागा नाही." माझं हसू तोंडातच राहिलं.

दुसरा प्रसंग पावाचा. आजी दिवसाआड मोठा काळसर पाव भाजत आणि ओट्यावर अख्खा ठेवत. कापून ठेवलेला पाव त्यांच्या घरात मी पाहिला नाही. ज्याला हवा त्यानं आपल्यापुरता कापून घ्यावा. एका शनिवारी सकाळी अर्धा पाव गायब होता. देशपांडे तो सँडविच करून ऑफिसच्या पिकनिकला घेऊन गेला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी आपला पुणेरी बाणा दाखवायला गेलो. म्हटलं, "आजी, तुमचा पाव देशपांडेनं नेला हां, तुम्हाला न विचारता." आजींचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली बशी त्यांनी हळूच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "या घरात पावाबद्दल कुणी कुणाची चहाडी करायची नाही. पुन्हा केलीस तर खोली सोड." आवाज चढवला नाही, पण मला आजवर कुणाची इतकी भीती वाटलेली नाही. देशपांडे संध्याकाळी आला तर त्याच्यासाठी दुसरा पाव तयार, वर लोण्याचा डबा. मी मात्र आठवडाभर खाली मान घालून जिना चढत होतो.

वर्षभरानं देशपांडे वेम्बलीला गेला. माझी बायको मेधा आणि मुलगी सई आल्या, आणि वरचा अख्खा मजला आमचा झाला. सई तेव्हा सात वर्षांची. तिला या घरातल्या गावाचं मुळीच नवल वाटलं नाही. आठवड्याभरात ती शाळेतून आल्या आल्या "आई, मी भट्टीत आहे गं" असं ओरडायला लागली. मेधाला मात्र लवकरच त्या कोपऱ्याची धास्ती बसली. तिला तिथे मेथी पेरायची होती. आजींनी नको म्हटलं, तेव्हा ती मला म्हणाली, "अरे, किती क्रीपी आहे ते. तिथे समथिंग आहे."

आणि मग पत्रं यायला लागली. आजींची एक धाकटी बहीण होती, युद्ध संपलं तेव्हा पाळण्यात असलेली. ती गावातच राहिली होती. गावाखाली तपकिरी कोळसा होता आणि मैलोन् मैल पसरलेली उघडी खाण वर्षावर्षानं जवळ सरकत होती. रस्त्यात जे गाव येईल ते उठवायचं, पाडायचं, जमीन खणून काढायची आणि दूर कुठेतरी त्याच नावाचं नवीन गाव बांधून द्यायचं, असा तो प्रकार. बहीण लिहायची आणि आजी भट्टीत, म्हणजे स्वयंपाकघरात बसून आम्हाला वाचून दाखवायच्या. विहिरी आटल्या. खिडकी पुसून घ्यावी तर तासाभरात पुन्हा काळी धूळ. पश्चिमेचा वारा आला की खणणाऱ्या यंत्राच्या अजस्र चाकाची घरघर ऐकू येते, कपाटातल्या बश्या किणकिणतात. कुत्री विनाकारण भुंकतात. शेजारचे गेले, त्यांच्या पलीकडचेही गेले. स्मशानातली माणसं उकरून नव्या गावी न्यायला सुरुवात झाली आहे. आई-बाबांचा नंबर पुढच्या महिन्यात.

पाणचक्की पाडल्याचं पत्र आलं त्या दिवशी आजींनी परसातल्या शेडला कुलूप घातलं. किल्ली कुठे टाकली कोण जाणे. माझी सायकल आत अडकली ती अडकलीच. मी आधी चिडलो. मग तळं बुजवल्याचं पत्र आलं आणि आजींनी बाथरूमचं दार लावून घेतलं, आंघोळीला त्या वर आमच्या छोट्या शॉवरला यायला लागल्या, टॉवेल हातावर घेऊन, परक्याच्या घरी यावं तशा दार वाजवून. तेव्हा माझा राग उतरला. लिंडन तोडलं तेव्हा आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली. चर्च सुरुंग लावून पाडल्यावर त्या जिना चढायच्या थांबल्या. आता त्या आंघोळीला कुठे जाणार? स्वयंपाकघरातल्या मोरीवर अंग पुसून घ्यायच्या. झोपायच्याही तिथेच, खुर्चीत. दर पत्रागणिक घर एकेक खोलीनं लहान होत चाललं होतं आणि आम्ही तिघं वरच्या मजल्यावर, जे आता उरलंच नव्हतं अशा जागी, नांदत होतो. उरली होती फक्त भट्टी. आणि तो कोपरा.

मेधानं मला कितीदा तरी म्हटलं, "आपण डॉक्टरांशी बोलू या. दिस इज नॉट नॉर्मल." मी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला नेमका शनिवार आला. माझे वडील आम्ही इथे आल्यावर गेले, म्हणून मेधानं साग्रसंगीत स्वयंपाक केला आणि एक पान वाढून परसातल्या कुंपणावर ठेवलं. रीडिंगमध्ये कावळ्यांना तोटा नाही. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय. मेधानं तिच्या परीनं सांगितलं, की आपली जी माणसं गेली त्यांच्यासाठी हे जेवण, कावळा येऊन जेवला की त्यांना पोचतं.

"प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो?"

"हो, ज्या तिथीला माणूस गेलं ती तिथी. पण आजची अमावास्या सगळ्यांची, आजी. ज्यांची तिथी कुणाला माहीत नाही, ज्यांचं करायला मागे कुणी नाही, त्यांचंसुद्धा आज करतात."

"नात्यात नसलं तरी?"

"नात्यात नसलं तरी."

आजी आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात अख्खा पाव होता. त्या गवतावरून सरळ त्या कोपऱ्याकडे गेल्या, पाव तिथे ठेवला आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मग तिथूनच, आमच्याकडे न बघता, सांगायला लागल्या.

युद्धाच्या काळात पूर्वेकडच्या देशांतून माणसं पकडून आणत आणि जर्मनीतल्या शेतांवर, कारखान्यांत जुंपत. अशी एक मुलगी त्यांच्या भट्टीवर होती. सोळा-सतरा वर्षांची. लाकडं फोडायची, कणीक मळायची, आणि तिला खायला मोजकंच मिळायचं. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. ती मुलगी त्यांच्या वेण्या घालून द्यायची. युद्धाच्या शेवटच्या महिन्यात एका सकाळी त्या मुलीनं अर्धा पाव ॲप्रनखाली लपवलेला आजींनी पाहिला. "मी बाबांना जाऊन सांगितलं," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, ते मला शाबास म्हणतील." वडिलांच्या हातात पाव आत सरकवायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. त्यांनी ते तसंच तिच्या डोक्यात घातलं. एकदाच. ती उठली नाही. भट्टीच्या मागच्या भिंतीपासून नासपतीच्या झाडाच्या दिशेनं त्यांनी तिला पुरलं, आणि गावात सांगितलं की पळून गेली. नऊ वर्षांच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी भिंतीला पाठ लावली आणि पावलं मोजली. अठरा.

"आई-बाबांना नव्या गावी नेलं," आजी म्हणाल्या. "तिला कोण नेणार? ती आहे हेच कुणाला माहीत नाही. खाणीचं चाक येईल आणि कोळशाबरोबर तिला घेऊन जाईल."

मेधा रडत होती. मी मात्र, सवयीनं म्हणा की भीतीनं म्हणा, लगेच कामाला लागलो. प्रॉब्लेम आला की सोडवायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. खाणकंपनीचं गाव हलवण्याचं एक ऑफिस होतं, त्याचा पत्ता बहिणीच्या पत्रात होता. मी इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. वडिलांचं नाव घालू नको, आजी म्हणाल्या. बहीण जिवंत आहे, तिच्या लेखी बाबा म्हणजे देवमाणूस. ठीक आहे, नावाशिवाय लिहिलं. पण 'अठरा पावलं' असं लिहून साहेब लोक खणतील थोडेच? मीटर पाहिजेत. मी टेप घेतली आणि म्हटलं, "आजी, अठरा पावलं चालून दाखवा."

मी परसाकडे निघालो होतो. त्या म्हणाल्या, "तिकडे नको, जमीन उंचसखल आहे. रस्त्यावर चालते." घरापुढच्या फुटपाथवर त्या चालल्या, ताठ, सावकाश. बारा मीटर भरले. मी पत्रात बारा मीटर लिहिलं, वर एक सुबक नकाशा काढून जोडला, बाणबिण दाखवून. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

उत्तर थंडीत आलं. त्यांनी माणसं पाठवून दाखवलेल्या जागी खणलं होतं. तिथे मातीशिवाय काही नव्हतं. पाठोपाठ बहिणीचं पत्र. कंपनीनं तिला विचारलं होतं आणि ती संतापली होती: तुला त्या वर्षी तापात भास व्हायचे, आईनं मला सांगितलंय, बाबांनी आयुष्यात मुंगी मारली नाही, आता तरी पुरे कर. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, भट्टी पाडली, पाया तेवढा अजून जमिनीत आहे.

मला वाटलं, आता आजी कोसळणार. तसं काहीच झालं नाही. त्यांनी पत्र घडी घालून ठेवलं आणि म्हणाल्या, "ताप होता मला. आठवतं तसं थोडं थोडं." दुसऱ्या दिवशी बाथरूमचं दार उघडलं. आठवड्यानं आरामखुर्ची खिडकीकडे वळली. शेडचं कुलूप त्यांनी हातोडीनं तोडलं आणि माझी गंजलेली सायकल मला परत मिळाली. आजी गुणगुणायला लागल्या होत्या. मेधा म्हणाली, "बघ, किती ओझं उतरलंय." मलाही बरं वाटलं. सत्तर वर्षांच्या बाईच्या अंगावर रंग चढलेला बघून कुणाला बरं वाटणार नाही? एकच गोष्ट तेवढी खटकायची. त्या कोपऱ्यातलं गवत त्या अजूनही कात्रीनंच कापत होत्या.

मार्चमध्ये सईला शाळेतून होमवर्क आलं. घरातल्या वस्तूंची लांबी पट्टीशिवाय मोजायची, वितीनं, पावलांनी. सईला आता नऊ पूर्ण झाली होती. भट्टीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला पाठ लावून ती परसात मोजत निघाली. मी दारात चहा पीत उभा होतो. ती थांबली आणि ओरडली, "बाबा, लिहून घे, एटीन!"

"कुंपण अजून पुढे आहे की. थांबलीस का?"

"आजी अलाऊ नाही करत ना पुढे. म्हणून मी इथेच थांबले."

ती त्या कोपऱ्याच्या काठावर उभी होती.

मी कप खाली ठेवला. टेप आणली. साडेआठ मीटर. नऊ वर्षांच्या मुलीची अठरा पावलं म्हणजे साडेआठ मीटर. मी सत्तरीच्या बाईला फुटपाथवर चालायला लावलं होतं आणि बारा लिहिलं होतं. साडेतीन मीटर पलीकडे खणून ते लोक परत गेले होते. पोरगी जिथली तिथे होती.

हे मी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. खरं सांगतो, अगदी मेधालासुद्धा नाही. आजी गुणगुणत भट्टी पेटवत होत्या आणि मी स्वतःला समजावत होतो की म्हातारपणी मिळालेली शांतता का मोडा. पत्र गेलं, उत्तर आलं, विषय संपला. पण रोज सकाळी पावाचा वास वर यायचा आणि मी काही न खाताच बस गाठायचो. शेवटी मेधानं खोदून खोदून विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आता तूही लपवणार? मग त्या गावात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

मी तसाच खाली गेलो. आजी कणीक मळत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. माझी चूक झाली, पावलं लहान मुलीची होती, मी हिशेब मोठ्या माणसाच्या पावलांचा केला. माफ करा.

आजी मळत राहिल्या. मग हात थांबले.

"तुझी चूक नाही," त्या म्हणाल्या. "तू म्हणालास चालून दाखवा, मी चालले. पाय कधीचे, ते तू विचारलं नाहीस." त्यांनी खिडकीतून परसाकडे पाहिलं. "हे घर घेतलं त्या दिवशी मी तो कोपरा मोजला होता. लहान पावलं टाकून. मला ठाऊक होतं. फुटपाथवर लांब पावलं टाकताना मला ठाऊक होतं. म्हटलं, बाबांनी एकदा लपवलं, मी आणखी एकदा लपवते, मग सगळंच बुडून जाईल."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. यांतलं मी काहीच केलं नाही.

"चाक कुठवर आलंय?" त्यांनीच विचारलं.

"उन्हाळ्यात पोचेल, असं त्यांच्या पत्रात होतं."

आजींनी कणकेचे हात धुतले, कागद घेतला आणि या वेळी पत्र स्वतः लिहिलं. जर्मनमध्ये, हातानं. भट्टीचा पाया, तिथून साडेआठ मीटर. वडिलांचं पूर्ण नाव. चहाडी करणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव. आणि तिसरं एक नाव, जे त्यांनी आजवर एकदाही उच्चारलं नव्हतं. पत्र टाकायला पेटीपर्यंत त्या एकट्या गेल्या.

मे महिन्यात कंपनीनं कळवलं की ती सापडली. एक शिंगाचा कंगवा आणि लाकडी बुटांचे खिळे तेवढे तिच्याबरोबर होते. नव्या गावातल्या स्मशानात तिला ठेवायचं ठरलं. आजी जायला निघाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रीडिंग स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेलो. त्यांच्या पिशवीत कापडात गुंडाळलेला पाव होता. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा नुसतं एवढंच म्हणाल्या, की पाद्री होता, कंपनीची दोन माणसं होती आणि मी होते. बहीण नव्या गावात दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. ती आली नाही. तिनं दारही उघडलं नाही, आणि त्यानंतर तिचं एकही पत्र आलं नाही.

"जुनं गाव बघितलंत?" मी विचारलं.

"खड्डा आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. चर्चवाले गेले, तळ्यावरचे गेले, मेलेलेसुद्धा गेले. त्या गावातून सगळ्यांत शेवटी ती बाहेर पडली." आणि जरा थांबून म्हणाल्या, "जिला तिथे यायचंच नव्हतं, ती."

जूनमध्ये एका सकाळी पुढच्या दारात एक ओबडधोबड दगड येऊन पडला होता, पोत्याएवढा. कुठल्याशा पाडलेल्या भिंतीतला, आजींनी ओळखीच्या गवंड्याकडून मागून आणवला होता. आमच्या ओळीतल्या घरांना मागे जायला बाजूनं वाट नाही, घरातूनच जावं लागतं. आजी गुडघ्यांवर बसल्या आणि तो दगड लोटायला लागल्या. छत्र्यांच्या स्टँडपासून, आरामखुर्चीशेजारून, भट्टीतून. एका वेळी वीतभर. मी धावत पुढे झालो तर त्यांनी हात वर केला. "रीत माहीत आहे ना तुला?" मेधा माझा दंड धरून उभी राहिली, सई जिन्यात बसून राहिली. दोन दिवस लागले. उंबऱ्यावर त्यांची बोटं चेमटली, रक्त आलं, तरी आम्ही हात लावला नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. कोपऱ्यात दगड उभा राहिला तेव्हा त्या तिथेच गवतावर बसल्या.

त्यानंतर रोज दुपारी चहाचा कप घेऊन आजी परसात निघायच्या. पहिल्या दिवशी मेधानं विचारलं, "कुठे चाललात, आजी?" त्या म्हणाल्या, "हान्काकडे." चर्चला जाते म्हणायच्या तितक्याच सहज. तिचं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पुढे माझी नोकरी लेस्टरला गेली आणि आम्ही घर सोडलं. दोन हिवाळ्यांनंतर आजी गेल्याचं शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं. पाव फुगत ठेवला होता म्हणे. घर विकलं गेलं. त्या दगडाचं नव्या माणसांनी काय केलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

लेस्टरच्या घराच्या मागे कुंपण आहे आणि कावळेही आहेत. सर्वपित्रीला मेधा पानं वाढते. बाबांचं एक, आजींचं एक. तिसरं पान सई लावते. त्यावर वरण-भात नसतो, खीर नसते. ती त्यावर पाव ठेवते, अख्खा, न कापता, आणि आत येऊन दार लावून घेते. तो कोण घेऊन जातं ते आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नाही.